हिरव्या ठिपक्याचा भरवसा

सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी निघाली, की अमेरिकेतल्या आपल्या माणसांना एक सल्ला हमखास मिळतो: भारतीय दुकानात जा, हिरवा ठिपका बघ आणि बिनधास्त खा. मांसच नाही म्हटल्यावर ॲलर्जी कशाची? हा पूर्वपक्ष बिनतोड वाटतो खरा, पण तो टिकत नाही.

या ॲलर्जीचं मूळ अल्फा-गॅल नावाच्या शर्करेत आहे. माणूस, कपी आणि आशिया-आफ्रिकेतली माकडं सोडली, तर बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. अमेरिकेत प्रामुख्याने ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावल्यावर काहींचं शरीर या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागतं. गोचीड शाकाहारी-मांसाहारी बघून चावत नाही. आणि गाय, डुक्कर, बकरा यांच्या मांसाबरोबरच चरबी, जिलेटिन आणि दुधातही ही शर्करा सापडते.

आता ही खूण ठरवणारा आपला भारतीय कायदा बघा. मांसाहारी पदार्थांच्या त्याच्या व्याख्येतून दूध आणि दुधाचे पदार्थ वगळले आहेत. त्यामुळे खवा, तूप, मलईदार आइस्क्रीम यांवर हिरवा ठिपका अगदी रीतसर असतो. बऱ्याच रुग्णांना दूध पचतं. काहींना मात्र त्यानेच अंगावर गांधी उठतात. उलट अंड्याच्या नूडल्सवर किंवा गोव्याच्या कोळंबीच्या लोणच्यावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण असतो, आणि त्यांत सस्तन प्राण्याचा अंशही नसू शकतो. म्हणजे ही खूण नको ते आत घेते आणि चालणारं बाहेर ठेवते. तिचा दोष नाही. ती आहाराचा आचार सांभाळायला केलेली आहे, ॲलर्जीसाठी नव्हे.

तिचं श्रेयही नाकारू नये. जिलेटिन किंवा प्राण्यांच्या चरबीपासून केलेलं आयएनएस ४७१ हे पायसीकारक (इमल्सिफायर) हिरव्या ठिपक्याखाली कायद्याने येऊ शकत नाही. अमेरिकेत अशी सक्तीची खूणच नाही.

मग ‘वीगन’ घ्यावं का? तिथेही अडचण आहे. लाल समुद्रशेवाळातून काढलेल्या कॅरागीननमध्ये, म्हणजे आयएनएस ४०७ मध्ये, अल्फा-गॅल असते, आणि बदामाच्या-नारळाच्या काही डबाबंद दुधांत ते घालतात. ते सगळ्यांनाच बाधत नाही, पण बाधणाऱ्याला ‘वीगन’ शिक्का वाचवत नाही.

अमेरिकी पाकिटावरच्या ‘कंटेन्स’ ओळीवर विसंबणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: २०२३ पासून तीळ धरून तिथे नऊ ॲलर्जीकारक ठळक सांगावे लागतात. त्यांत दूध आहे. गोमांस, डुकराचं मांस, जिलेटिन नाही. ‘नॅचरल फ्लेवर्स’ या दोन शब्दांत मांसापासून काढलेला स्वादही बसतो. चिकन सॉसेजचं बाहेरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं. ते लेबलवर लिहिलेलं असतं, पण समोरचं ‘चिकन’ वाचून थांबणाऱ्याला ते दिसत नाही.

‘थोडं खाऊन बघ’ हा सल्ला तर सर्वांत वाईट. ही ॲलर्जी साधारण दोन ते सहा तासांनी उठते. आठच्या जेवणाचा त्रास मध्यरात्री होतो आणि खापर भलत्याच पदार्थावर फुटतं. शिवाय एकदा निभावलं म्हणून पुढच्या वेळी निभावेलच असं नाही.

तेव्हा दूध आणि कॅरागीनन आपल्याला चालतं का, हे आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मग घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि शंका उरली तर कंपनीला ‘व्हेज आहे का?’ असं विचारू नका. ‘यात कोणत्याही सस्तन प्राण्यापासून काढलेलं काही आहे का?’ असं विचारा.