आवाजाचा समतोल : कॉम्प्रेसर प्लगइनची ओळख आणि वापर

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, चर्चची दारे भाविकांसाठी बंद झाली आणि अनेक धर्मग्रामांतून पवित्र मिस्साचे थेट प्रक्षेपण सुरू झाले. पुढे दारे उघडली. परंतु अंथरुणाला खिळलेले रुग्ण, वृद्ध आणि नोकरीनिमित्त परदेशी राहणारी आपली माणसे यांच्यासाठी हे प्रक्षेपण अनेक ठिकाणी चालू राहिले. निर्बंध सैल झाल्यावर एका आजारी आजींना कम्युनियन देण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्या म्हणाल्या, “फादर, वाचन ऐकायला मी फोन कानाला लावते आणि कॉयर गायला लागला की उशीखाली ठेवते. मग तुमचं प्रवचन कधी सुरू होतं ते कळतच नाही.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तरीही आमच्या प्रक्षेपणातील दोष त्यांनी एका वाक्यात अचूक सांगितला होता. हळू आवाज फारच हळू आणि मोठा आवाज फारच मोठा, असा तो दोष होय. तो दूर करण्यासाठी ध्वनितंत्रज्ञ जे साधन वापरतात त्याला ‘कॉम्प्रेसर’ म्हणतात. आज ते संगणकात प्लगइनच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध आहे. प्रक्षेपणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुणांना आणि त्यांच्या कामाविषयी जिज्ञासा असणाऱ्या सर्वच वाचकांना उपयोगी पडावी म्हणून या साधनाची माहिती येथे देत आहोत.

ध्वनीचा पल्ला

एखाद्या कार्यक्रमातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतराला ध्वनीचा पल्ला (डायनॅमिक रेंज) म्हणतात. तो डेसिबलमध्ये मोजतात. डेसिबल हे साधे माप नव्हे. ध्वनीची पातळी ६ डेसिबलने वाढली म्हणजे विद्युत्संकेताची उंची दुप्पट होते आणि सुमारे १० डेसिबलने वाढली म्हणजे आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

संगणकात ही मोजणी उलट्या दिशेने होते. शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते आणि बाकी सर्व आवाज शून्याच्या खाली, म्हणजे उणे आकड्यांत दाखवले जातात. शून्याची मर्यादा ओलांडू पाहणारा आवाज छाटला जातो व फाटल्यासारखा ऐकू येतो. एकदा फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते.

चर्चमध्ये प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला मोठा पल्ला खटकत नाही. तेथील शांतता त्याला लाभलेली असते आणि कानही आपोआप जुळवून घेतो. घरी मात्र पंखा फिरत असतो, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असते आणि ऐकण्याचे साधन म्हणजे मोबाइलचा चिमुकला स्पीकर असतो. मोठा पल्ला पेलण्याची ताकद त्यात नसते. म्हणून घरच्या श्रोत्यासाठी तो कमी करावा लागतो.

थोडा पूर्वेतिहास

ही गरज प्रथम नभोवाणीला भासली. १९३० च्या दशकात प्रक्षेपणयंत्रावर अतिरिक्त भार येऊ नये म्हणून आवाजाला मर्यादा घालणारी उपकरणे वापरात आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एस्टोनियात जन्मलेले अभियंते राइन नार्मा यांनी ‘फेअरचाइल्ड ६७०’ हे प्रसिद्ध उपकरण घडवले. त्यात २० निर्वात नलिका होत्या आणि त्याचे वजन सुमारे ३० किलो होते. १९६७ मध्ये अमेरिकेतील बिल पुटनम यांनी ट्रान्झिस्टरवर चालणारे ‘११७६’ हे उपकरण आणले. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ‘व्हीएसटी’ ही पद्धती रूढ केली आणि हीच कामे संगणकातील छोट्या जोड-आज्ञावली, म्हणजेच प्लगइन, करू लागल्या. एके काळी दोघांनी उचलावे लागणारे यंत्र आज लॅपटॉपच्या पडद्यावरील एका चौकटीत मावते.

कॉम्प्रेसरची पाच नियंत्रणे

मिक्सरवर बसलेला दक्ष माणूस आवाज वाढला की फेडर खाली ओढतो आणि तो ओसरला की पुन्हा वर सरकवतो. कॉम्प्रेसर हेच काम सेकंदाच्या हजाराव्या भागात करतो. ते कसे करावे, हे आपण त्याला पुढील पाच नियंत्रणांद्वारे सांगतो.

१. थ्रेशोल्ड : ही उंबरठ्याची पातळी होय. आवाज या पातळीच्या खाली असेतो कॉम्प्रेसर हस्तक्षेप करत नाही.

२. रेशो : उंबरठा ओलांडणारा आवाज किती दाबायचा याचे प्रमाण. ३:१ म्हणजे आवाज उंबरठ्याच्या ३ डेसिबल वर गेला तर १ डेसिबलच वर जाऊ द्यायचा.

३. अटॅक : उंबरठा ओलांडल्यावर किती वेळात दाबायला सुरुवात करून तो पूर्ण दाबायचा, हे मिलिसेकंदांत सांगावे लागते.

४. रिलीज : आवाज उंबरठ्याखाली आल्यावर किती वेळात पकड सोडायची.

५. मेक-अप किंवा आउटपुट गेन : दाबून झाल्यावर संपूर्ण आवाज किती वर उचलायचा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कॉम्प्रेसर हळू आवाज मोठा करतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो मोठा आवाज लहान करतो. त्यामुळे वर जी जागा मोकळी होते तिच्यात आपण पाचव्या नियंत्रणाने सर्वच आवाज उचलतो आणि त्यायोगे हळू आवाज वर येतो.

एक उदाहरण

समजा, वाचकाचा आवाज उणे २४, याजकाचा उणे १८ आणि गायनमंडळाचा उणे ६ डेसिबलवर आहे. वाचक व गायनमंडळ यांत १८ डेसिबलचे अंतर आहे. आजी फोन उशीखाली ठेवत होत्या त्याचे कारण हेच. आता थ्रेशोल्ड उणे १८ आणि रेशो ३:१ ठेवू. वाचक आणि याजक उंबरठ्याच्या वर जात नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे राहतात. गायनमंडळ उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर आहे. ते ४ डेसिबलच वर राहील, म्हणजे उणे १४ वर येईल. यानंतर सर्व आवाज ६ डेसिबलने उचलला, तर वाचक उणे १८, याजक उणे १२ आणि गायनमंडळ उणे ८ वर येते. १८ चे अंतर १० झाले. गायन अजूनही वाचनापेक्षा मोठेच आहे आणि तसेच ते असावे. परंतु आता दोन्ही एकाच बैठकीत ऐकता येतात.

प्रत्यक्ष वापर

थेट प्रक्षेपणासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ ही विनामूल्य आज्ञावली पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्या ऑडिओ मिक्सरमध्ये माइकच्या नावाजवळील तीन टिंबांवर टिचकी मारून ‘फिल्टर्स’ उघडावे आणि अधिकच्या चिन्हावरून ‘कॉम्प्रेसर’ निवडावा. तेथे आरंभी रेशो १०:१, थ्रेशोल्ड उणे १८, अटॅक ६ आणि रिलीज ६० मिलिसेकंद असे आकडे भरलेले असतात. यांतील १०:१ हा रेशो प्रवचनासाठी फारच कठोर आहे. बोलण्यासाठी ३:१ किंवा ४:१ रेशो आणि १०० ते २०० मिलिसेकंद रिलीज ठेवावा. गायनासाठी २:१ रेशो, २० ते ३० मिलिसेकंद अटॅक आणि त्याहून सावकाश रिलीज सहसा योग्य ठरतो. अटॅक फार जलद ठेवला तर शब्दारंभीची व्यंजने बोथट होतात.

ओबीएसच्या या फिल्टरमध्ये आवाज किती दाबला जात आहे हे दाखवणारा मापक नाही. विंडोज संगणकावर ‘रीकॉम्प’ हे विनामूल्य व्हीएसटी प्लगइन जोडल्यास तो मापक दिसतो. बोलण्याच्या वेळी ३ ते ६ डेसिबल दाब पुरेसा आहे. तो सतत १० च्या वर जात असेल तर दोष इतरत्र शोधावा.

फिल्टर वरून खाली या क्रमाने काम करतात. म्हणून आधी नॉइज गेट, मग कॉम्प्रेसर आणि शेवटी लिमिटर असा क्रम ठेवावा. लिमिटर हा कॉम्प्रेसरचाच कडक भाऊ होय. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर आवाज जाऊच देत नाही. वेदीवरील घंटीचा टणत्कार इतका क्षणिक असतो की कॉम्प्रेसर जागा होईपर्यंत तो निसटून जातो. अशा वेळी लिमिटर उपयोगी पडतो. नॉइज गेट जपून वापरावा. त्याची पातळी चढी ठेवल्यास हळू बोलणाऱ्या वाचकाच्या वाक्यांची शेवटची अक्षरे तो गिळून टाकतो.

ज्या ध्वनिफिती नंतर संपादित करून ठेवायच्या असतील त्यांच्यासाठी ‘ऑडॅसिटी’ ही २००० सालापासून विनामूल्य मिळणारी आज्ञावली सोयीची आहे. २०२४ मधील ३.६ या आवृत्तीत तिचा कॉम्प्रेसर आणि लिमिटर नव्याने घडवण्यात आले आणि ऐकता ऐकताच आकडे बदलण्याची सोय झाली.

कॉम्प्रेसर जे करू शकत नाही

पहिली गोष्ट माइकच्या अंतराची. तोंड आणि माइक यांतील अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. एक वाचक माइकपासून १० सेंटिमीटरवर आणि दुसरा ४० सेंटिमीटरवर उभा राहिला तर १२ डेसिबलचा फरक पडला. शिवाय दूरच्या वाचकाबरोबर उंच छताचा घुमणारा प्रतिध्वनीही माइकमध्ये शिरतो. कॉम्प्रेसर आणि मेक-अप गेन त्या प्रतिध्वनीलाही वर उचलतात. म्हणून वाचकांच्या प्रशिक्षणात माइकसमोर कसे उभे राहावे याची दहा मिनिटे ठेवणे हे कोणत्याही प्लगइनपेक्षा मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट एकत्रित आवाजाची. मिक्सरमधून सर्व आवाज एकत्र होऊनच संगणकात येत असेल तर कॉम्प्रेसर त्यांना वेगळे ओळखत नाही. एकट्या गायिकेने कडवे म्हणताना कीबोर्डचा आवाज चढला, की त्याच्याबरोबर तिचाही आवाज दबतो. अशा वेळी कीबोर्ड मिक्सरवरच खाली घेणे हा उपाय आहे. शक्य असेल तेथे बोलण्याचे माइक व गायनमंडळ यांचे वेगळे मार्ग संगणकात आणून प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्रेसर लावावा.

तिसरी गोष्ट चर्चमधील स्पीकरची. प्रक्षेपणासाठी केलेला मेक-अप गेन चर्चच्या स्पीकरला देऊ नये. तेथे माइक आणि स्पीकर एकाच वास्तूत असतात. कोणी बोलत नसताना वाढीव गेनमुळे माइक अधिक संवेदनशील होतो आणि यंत्रणा शिट्टी मारू लागते. मिक्सरवरील ‘ऑक्स’ मार्गाने प्रक्षेपणाचा आवाज वेगळा काढून घ्यावा आणि कॉम्प्रेसर त्यावरच लावावा.

अतिरेक टाळावा

२००८ मध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा तो इतका दाबून मोठा केलेला होता की खुद्द चाहत्यांनीच आवाज फाटतो म्हणून नाराजी व्यक्त केली. आपले गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे, या चढाओढीला ‘लाउडनेस वॉर’ असे नाव पडले आहे. पुढे २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ‘आर १२८’ हे मानक स्वीकारले. त्यानुसार क्षणिक उंचीऐवजी संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी जाणीव मोजली जाते. हे माप ‘लफ्स’ या नावाने ओळखले जाते आणि दूरचित्रवाणीसाठी ते उणे २३ ठेवले आहे. ॲपलने पॉडकास्टसाठी सुमारे उणे १६ ची शिफारस केली आहे. यूट्यूबवर चढवलेली चित्रफीत सुमारे उणे १४ पेक्षा मोठी असेल तर तेथे ती आपोआप हळू केली जाते. सबब, सर्व आवाज ठासून भरल्याने काहीच साध्य होत नाही.

आपल्या उपासनेत तर या अतिरेकाचे नुकसान अधिक आहे. कम्युनियननंतरच्या शांततेत रिलीज जलद आणि गेन भरमसाट असेल तर कॉम्प्रेसर पकड सोडतो आणि छताच्या पंख्यांची घरघर पुरासारखी वर येते. घरी बसलेल्या माणसाला तेथे शांतता होती हे कळतही नाही. हळू उच्चारलेला शब्द हळूच वाटला पाहिजे आणि आनंदगीत घुमलेच पाहिजे. पल्ला लहान करायचा आहे, तो पुसून टाकायचा नाही.

अखेरीस एक सूचना. आकडे ठरवताना महागडे हेडफोन लावून निर्णय घेऊ नये. शनिवारी संध्याकाळी एखादे वाचन, दोन मिनिटांचे बोलणे आणि एक गीत खासगी प्रक्षेपणावर सोडावे आणि एकाने घरी जाऊन, पंखा चालू ठेवून, साध्या मोबाइलवर ते ऐकावे. संपूर्ण वेळात आवाज कमी-अधिक करण्यासाठी त्याला एकदाही हात लावावा लागला नाही, तर आकडे बरोबर आहेत. आमच्याकडे ही चाचणी त्या आजींच्याच घरी झाली. फोन उशीवर ठेवलेला होता आणि शेवटपर्यंत तो उशीवरच राहिला.