मनगटावरचा मजकूर

ताणून हातात घालायचा आणि सोडताच मनगटावर बसणारा दागिना आधुनिक काळातला आहे. त्याआधीच्या मनगटी दागिन्यांना नेमके माप लागे, नाहीतर पेच किंवा कडी. महाराष्ट्रातल्या कासाराकडे बांगडीचे माप आजही 'दोन-चार', 'दोन-सहा', 'दोन-आठ' असे सांगितले जाते. म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे चार, सहा किंवा आठ सोळांश. काचेची बांगडी ताणली जात नाही, म्हणून हातच लहान करावा लागतो. अंगठा तळव्याकडे दाबून, बोटांच्या मुळांशी असलेली हाडे जवळ आणून बांगडी सुखरूप चढवणे हे कासाराचे कसब, आणि त्यालाच मराठीत बांगड्या 'भरणे' म्हणतात. ताणणाऱ्या पट्ट्याने हा व्यवहार उलटा केला. हाताऐवजी दागिना वाकू लागला. माप गेले, माप घेणारे माणूस गेले, आणि एकाच साच्यातून निघालेली वस्तू लाखो अनोळखी मनगटांवर पोचू शकली. जी वस्तू सगळ्यांना सारखीच बसते आणि जवळजवळ फुकट मिळते, तिच्यात फरक करायला छापील शब्द आणि चित्र एवढेच उरते. या दागिन्याचा पुढचा सारा इतिहास म्हणूनच घडणावळीपेक्षा मजकुराचा आहे.

नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडकत असे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये अमेरिकेत रबरात गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा ते ताणून पुन्हा मूळ आकारात येणारे, टिकाऊ झाले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्यानंतर काही वर्षांतच याच प्रक्रियेचे पेटंट घेतले, आणि १८४५ मध्ये लंडनच्या स्टीफन पेरीने कागद बांधायच्या रबरबँडचे. दागिन्यासाठी मात्र हे रबर फारसे योग्य नव्हते. घाम, ऊन आणि तेल लागून ते काळवंडते, त्याला वास येतो, आणि काहींच्या त्वचेला ते सोसत नाही.

सिलिकॉनने ही अडचण दूर केली. हे नाव इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केले. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत यूजीन रोचो यांनी सिलिकॉन मोठ्या प्रमाणावर बनवण्याचा सोपा मार्ग शोधला, आणि १९४३ मध्ये डाउ कॉर्निंग ही कंपनी याच पदार्थासाठी उभी राहिली. युद्धकाळात विमानांच्या विद्युत यंत्रणेसाठी त्याचा उपयोग झाला. रबराचा कणा कार्बनच्या साखळीचा असतो, सिलिकॉनचा कणा त्याच नावाचे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या आलटून पालटून येणाऱ्या अणूंचा. ही साखळी फार लवचिक असते. ठिकठिकाणी तिचे एकमेकींशी दुवे जोडले की ओढल्यावर ती लांबते आणि सोडल्यावर परतते. ऊन, पाणी, घाम यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि रंग तिच्या अंगातच मिसळता येतो.

रबर-सिलिकॉनच्या जोडीला धातूची एक स्वतंत्र शाखाही वाढली. घड्याळाच्या पट्ट्यांसाठी आत बारीक स्प्रिंगा बसवलेले, ओढले की पसरणारे दुवे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वत्र पोचले होते. अमेरिकेतील स्पायडेल कंपनीचा १९५९ मधला ट्विस्ट-ओ-फ्लेक्स हा त्यातला सर्वांत गाजलेला पट्टा. १९८७ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या सेस्तो फ्योरेंतिनो गावी पाओलो जेन्सिनी यांनी 'नॉमिनेशन' ही कंपनी काढली आणि हीच रचना दागिन्यात आणली. पोलादाचे छोटे चौकोनी दुवे एकमेकांत अडकवायचे, प्रत्येकावर एक अक्षर, फूल किंवा चिन्ह असायचे, आणि हवा तो दुवा काढून दुसरा घालता यायचा. साधारण अठरा दुव्यांत स्त्रीच्या मनगटाचे ब्रेसलेट पुरे होई. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'इटालियन चार्म' नावाने त्याची लाट आली. स्वस्त नकलांमध्ये मूळच्या सोन्याच्या नक्षीची जागा छापील चित्राने घेतली. आवडता प्राणी, राष्ट्रध्वज, नातवंडाचा फोटो असे काहीही बोटाच्या नखाएवढ्या चौकोनावर येऊ लागले. एकेक दुवा विकत घेऊन स्वतःची ओळख जुळवत जाणे ही त्यातली गोडी होती.

पातळ, चकचकीत रबरी कड्यांना दागिन्याचा मान मिळाला तो १९८० च्या दशकात. गायिका मॅडोनाच्या सुरुवातीच्या काळातली वेशभूषा घडवणाऱ्या मारिपोल या फ्रेंच कलावतीने काळ्या रबरी कड्या डझनांनी हातभर चढवण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यांच्यावर काहीही लिहिलेले नव्हते, पण लोकांनी त्यांच्यात अर्थ भरला. २००३ मध्ये अमेरिकेत या कड्यांच्या रंगांना लैंगिक सांकेतिक अर्थ असल्याची अफवा शाळांत पसरली. त्या ऑक्टोबरात फ्लॉरिडातील एका प्राथमिक शाळेने त्यांच्यावर बंदी घातली आणि इतर शाळांनी तेच केले. लहान मुलांच्या हातातल्या कोऱ्या रंगीत वळ्यावर मोठ्यांची भीती लिहिली गेली होती.

मजकूर मुद्दाम कोरलेला पट्टा त्यानंतरच्याच वर्षी जगभर गेला. नायके कंपनी बास्केटबॉल खेळाडूंसाठी जाड रबरी पट्टे काढतच होती. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये वृषणाचा कर्करोग झाला होता. त्यातून बरे झाल्यावर त्याने कर्करुग्णांसाठी संस्था काढली. मे २००४ मध्ये नायके आणि ही संस्था यांनी मिळून पिवळा सिलिकॉनचा पट्टा बाजारात आणला. 'टूर द फ्रान्स'मध्ये आघाडीवरचा सायकलपटू पिवळा सदरा घालतो, त्यावरून तो रंग. पट्ट्यावर 'लिव्हस्ट्राँग' हा एकच शब्द दाबून उमटवलेला होता. किंमत एक डॉलर, पहिली खेप पन्नास लाखांची, आणि उद्दिष्ट अडीच कोटी डॉलर उभे करण्याचे. त्या उन्हाळ्यात तो अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या हातात दिसला, अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्या मनगटावर दिसला, आणि शाळकरी मुलांनी त्यासाठी रांगा लावल्या. पुढच्या काही वर्षांत आठ कोटींहून अधिक पट्टे विकले गेले. दान केल्याची पावती सहसा घरी पाकिटात राहते. इथे ती अंगावर मिरवता येत होती, आणि ती श्रीमंताची व गरिबाची अगदी सारखी होती. त्याचे यश समजून घ्यायचे तर ही समानता लक्षात घ्यावी लागते.

त्याच पिवळ्या रंगाने लवकरच इस्पितळांत एक गंभीर अडचण उभी केली. अमेरिकेतील अनेक इस्पितळे रुग्णाच्या मनगटावर रंगीत पट्टे बांधून सूचना देत, पण रंगांचे अर्थ जागोजागी वेगळे होते. फ्लॉरिडातील काही इस्पितळांत पिवळ्याचा अर्थ होता 'हृदय थांबल्यास पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये'. दान म्हणून घातलेला पट्टा अशा इस्पितळात रुग्णाच्या जिवावर बेतू शकत होता. तेव्हा दाखल होणाऱ्यांना तो काढायला किंवा चिकटपट्टीने झाकायला सांगितले जाऊ लागले. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका परिचारिकेने दुसऱ्या इस्पितळाच्या सवयीने चुकीच्या अर्थाचा पिवळा पट्टा बांधला. चूक वेळीच लक्षात आली आणि रुग्ण वाचला. या घटनेनंतर तिथल्या इस्पितळांनी एकत्र येऊन रंग ठरवले, आणि २००८ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने देशभर एकसारखे रंग वापरण्याची शिफारस केली. लाल म्हणजे ॲलर्जी, पिवळा म्हणजे पडण्याचा धोका, जांभळा म्हणजे पुनरुज्जीवन नको. रंगाबरोबर शब्दही छापावा, हा त्यातला साधा पण मोलाचा धडा होता.

पिवळ्या पट्ट्याच्या पाठोपाठ इतर आले. जानेवारी २००५ मध्ये फुटबॉलपटू थिएरी आंरी आणि नायके यांनी युरोपातील वर्णद्वेषाविरुद्ध एकमेकांत गुंतलेले काळा आणि पांढरा असे जोडपट्टे काढले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'मेक पॉव्हर्टी हिस्टरी' या मोहिमेचा पांढरा पट्टा गाजला. काही महिन्यांतच वृत्तपत्रांनी उघड केले की यातले काही पट्टे चीनमध्ये कामगारांना कमी मजुरीत राबवणाऱ्या कारखान्यांत बनले होते, आणि मोहिमेतील संस्थांना तिथली खरेदी थांबवावी लागली. गरिबी हटवण्याचा शब्द ज्या हातांनी पट्ट्यावर उमटवला त्या हातांची गरिबी त्यातून दिसली, ही गोष्ट या दागिन्याच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

या पट्ट्यांची कारागिरी तशी साधी आहे. रंग मिसळलेला सिलिकॉनचा मऊ गोळा धातूच्या साच्यात ठेवतात आणि तापलेल्या दाबयंत्राखाली काही मिनिटांत पक्का करतात. मोठ्या माणसाचा प्रचलित पट्टा सुमारे २०२ मिलिमीटर घेराचा आणि १२ मिलिमीटर रुंद असतो, मुलांचा १८० मिलिमीटर घेराचा. अक्षर खोलगट हवे असेल तर साच्यात ते उठावाचे कोरावे लागते. छपाई हे अधिक अवघड काम आहे, कारण सिलिकॉनच्या पृष्ठभागाला बहुतेक काही चिकटत नाही. साधी शाई सुकून पापुद्र्यासारखी निघून येते. म्हणून शाईसुद्धा सिलिकॉनचीच लागते. जाळीच्या चौकटीतून ती पट्ट्यावर उतरवतात आणि पुन्हा भट्टीत भाजतात, तेव्हा ती पट्ट्याबरोबर ताणली जाते. स्वस्त पट्ट्यांवरची अक्षरे महिनाभरात उडतात ती हा खर्च वाचवल्यामुळे.

छापील मजकुरावरून सर्वांत महत्त्वाचा वाद अमेरिकेच्या न्यायालयात गेला. स्तनांच्या कर्करोगाबद्दल तरुण मुलींनी संकोच न करता बोलावे म्हणून 'कीप अ ब्रेस्ट' या संस्थेने बोलीभाषेतला धीट शब्द वापरून पट्टे काढले. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे ते घातल्याबद्दल दोन शाळकरी मुलींवर निलंबनाची कारवाई झाली. मुलींच्या बाजूने आधार होता तो १९६९ च्या टिंकर खटल्याचा. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत आलेल्या मुलांचा अभिव्यक्तीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा मान्य केला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये अपील न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी मुलींचे म्हणणे उचलून धरले. शब्द उघड अश्लील नसेल आणि सामाजिक प्रश्नावर भाष्य करत असेल तर शाळा तो रोखू शकत नाही, असा तो निर्णय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. एका डॉलरच्या आसपासच्या वस्तूवरून नागरिकांच्या हक्काचा इतका गंभीर विचार व्हावा, याचे श्रेय त्या दोन मुलींना आहे.

याच काळात लहान मुलांमध्ये आकाराचे खूळ आले आणि गेले. जपानमध्ये २००२ मध्ये ओहाशी युमिको आणि हानेदा मासोनार यांच्या रचनेतून प्राण्यांच्या आकारात परतणारे रबरबँड बनले होते. त्यांच्यावरून सुचलेले 'सिली बँड्झ' ओहायोच्या रॉबर्ट क्रोक यांनी २००८ मध्ये विक्रीला आणले आणि २०१० मध्ये अमेरिकेतील शाळा त्यांनी भरून गेल्या.

भारतात हा पट्टा मुख्यतः मैत्रीच्या नावाने आला. अमेरिकेत १९३० च्या सुमारास शुभेच्छापत्रांचे व्यापारी जॉइस हॉल यांनी मैत्रीदिनाची कल्पना मांडली, ती तिथे रुजली नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ३० जुलै हा दिवस ठरवला, पण भारतात ऑगस्टचा पहिला रविवारच चालत राहिला. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत नव्वदच्या दशकापासून या दिवशी सॅटिनच्या फिती, रबरी कड्या आणि इंग्रजी अक्षरे छापलेले पट्टे एकमेकांना बांधले जाऊ लागले. १९९८ च्या 'कुछ कुछ होता है' या चित्रपटातल्या प्रसंगाने फ्रेंडशिप बँड घराघरात ओळखीचा केला. हातभर चढलेले पट्टे मोजून कोणाला किती मित्र हे ठरायचे, आणि जागा उरली तर मार्करने हातावरच नावे लिहिली जायची. हा दिवस सहसा राखीपौर्णिमेच्या थोडा आधी येतो, त्यामुळे दोन्हींचा माल एकाच दुकानात एकमेकांशेजारी लागतो. राखीचा धागा बांधावा लागतो, त्याला गाठ लागते. लहान भावासाठीच्या कार्टूनच्या राख्यांना मात्र आता बहुधा सिलिकॉनचा किंवा इलॅस्टिकचा पट्टा असतो. जत्रांत आणि गडांच्या पायथ्याशी राजमुद्रा किंवा 'जय शिवराय' छापलेले पट्टे मिळतात. कासाराच्या दुकानापासून दूर, खेळणी आणि चाव्यांच्या छल्ल्यांच्या शेजारी टांगलेली ही वस्तू दागिना म्हणून मोजली जात नाही, तरी मनगटावर तिची जागा पक्की आहे.

मूळ पिवळ्या पट्ट्याचा शेवट दुःखद झाला. उत्तेजक द्रव्यांच्या वापरामुळे आर्मस्ट्राँगची सातही टूर विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, जानेवारी २०१३ मध्ये त्याने कबुली दिली, आणि त्याच वर्षी नायकेने या मालिकेचे उत्पादन थांबवायचे ठरवले. कर्करोगातून बरे झालेल्या ज्या माणसांनी तो शब्द वर्षानुवर्षे हातावर बाळगला होता, त्यांना तो ठेवावा की काढावा हे एकेकट्याने ठरवावे लागले.

सिलिकॉनच्या पट्ट्याचा एक उपयोग मात्र मजकुराशिवायचा निघाला. हा पदार्थ हवेतील आणि त्वचेवरील अनेक सेंद्रिय रसायने शोषून धरतो. २०१४ मध्ये ऑरेगॉन स्टेट विद्यापीठातील किम अँडरसन आणि सहकाऱ्यांनी साधे पट्टे रसायनांनी धुऊन कोरे केले, स्वयंसेवकांना ३० दिवस घालायला दिले आणि नंतर प्रयोगशाळेत तपासले. त्यांत निकोटीन, कॅफीन, कीटकनाशके आणि आगरोधक द्रव्ये धरून ४९ रसायने सापडली. छतांवर तापलेले डांबर पसरवणाऱ्या कामगारांनीही असे पट्टे कामावर घातले, आणि दिवसभराच्या धुरातून त्यांच्या अंगापर्यंत काय पोचले ते त्या पट्ट्यांतून मोजता आले.