पहिला फॉर्म आपल्याच घरचा

माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ असे दोन प्रकार आले आहेत. त्यातला पहिला यंदा तिच्या वाट्याला आला. विषय वर्गातच ठरला, ‘मालेगावातील परप्रांतीय यंत्रमाग कामगार’. एका संध्याकाळी ती 40 प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन दारात बसली. पहिला प्रश्न मूळ गाव व राज्य. दुसरा, महाराष्ट्रात केव्हा व का आलात?

अम्मी शेजारी तसबीह घेऊन बसली होती. हे काय, म्हणून तिनं विचारलं. नातीनं समजावून सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, “पहले मेरा भर.”

अम्मीचं म्हणणं खरंच होतं. तिचे पणजोबा मऊकडचे विणकर. 1857 नंतर आजच्या उत्तर प्रदेशातल्या विणकरांची कितीतरी घराणी दक्षिणेकडे निघाली. बंडानंतरची धरपकड, दुष्काळ आणि मँचेस्टरच्या कापडानं मारलेला धंदा अशी कारणं एकात एक मिसळलेली होती. कुणी बुऱ्हाणपुरात थांबलं, कुणी भिवंडीत, कुणी मुंबईच्या मदनपुऱ्यात, आणि बरेच जण इथे मोसम नदीच्या काठी. इथे येऊन त्यांनी विणलं काय, तर नऊवारी लुगडी. शेतावर राबणाऱ्या मराठी बाईच्या अंगावरचं रंगीत सुती लुगडं पूरब्याच्या हातमागावरून उतरत होतं. परप्रांतीय हा शब्द कितव्या पिढीला गळून पडतो, याचा रकाना मात्र फॉर्मवर नव्हता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. बी.एड.ला आम्ही जॉन ड्यूई पाठ केला होता, ‘कृतीतून शिक्षण’, 10 गुणांची टीप. हा माणूस ते कुणाकडे पाहून शिकला, हे टिपेत नव्हतं. मुलीच्या फॉर्ममुळे ते शोधायला बसलो आणि शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर जाऊन पोहोचलो.

1889 साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन बायकांनी तिथल्या स्थलांतरितांच्या वस्तीत एक जुनं घर घेतलं. नाव हल हाउस. कल्पना लंडनची होती. तिथे व्हाइटचॅपल या गरीब भागात 1884 मध्ये टॉयन्बी हॉल सुरू झाला होता आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलं तिथे राहायला जात. राहायला, बरं का, पाहणी करून संध्याकाळी परतायला नव्हे. हल हाउसच्या आजूबाजूला इटालियन, ग्रीक, जर्मन, आयरिश, बोहेमियन, रशिया-पोलंडमधून आलेले ज्यू अशी खिचडी होती. 1892 मध्ये शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, 1894 मध्ये ड्यूई तिथे आले आणि हल हाउसच्या विश्वस्तांत बसले.

फॉर्म तिथेही होते. 1893 मध्ये सरकारी पाहणी झाली तेव्हा तिची सूत्रं फ्लॉरेन्स केली यांच्याकडे होती, आणि त्या स्वतः हल हाउसमध्येच राहत होत्या. घरोघर जाऊन माहिती घेतली गेली, कोण कुठल्या देशाचं, आठवड्याची मजुरी किती. त्यावरून रंगीत नकाशे काढले आणि 1895 मध्ये ते पुस्तकरूपानं छापले. पण केली फॉर्म भरून थांबल्या नाहीत. घरांतून चालणाऱ्या शिवणकामाच्या कारखान्यांतली पोरं त्यांनी आधीच पाहिली होती. 1893 मध्येच इलिनॉय राज्यात कायदा झाला, 14 वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आली, आणि कारखाने तपासायला पहिल्या मुख्य निरीक्षक म्हणून केलींचीच नेमणूक झाली. त्याच कायद्यातलं बायकांसाठीचं आठ तासांच्या दिवसाचं कलम न्यायालयानं 1895 मध्ये रद्द केलं, हेही सांगायला हवं.

मला मात्र नकाशांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. 1900 साली हल हाउसमध्ये श्रमांचं एक संग्रहालय उघडलं. काचेच्या पेटीतलं नव्हे. वस्तीतल्याच बायका तिथे बसून हातानं सूत कातत, विणत. अ‍ॅडम्स यांनी आपल्या आठवणींत अँजेलिना नावाच्या एका इटालियन मुलीबद्दल लिहिलं आहे. तिची आई तिथे चाती फिरवायला यायची आणि अँजेलिना त्याच संध्याकाळी स्वयंपाकाच्या वर्गाला. डोक्याला रुमाल बांधलेल्या आईबरोबर दिसायला नको म्हणून मुलगी वेगळ्या दारानं आत शिरे. एके संध्याकाळी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातली मंडळी आईभोवती उभी राहून तिच्या हाताकडे पाहत होती, कौतुक करत होती. ते पाहिल्यानंतर अँजेलिना आईबरोबर एकाच दारानं येऊ लागली.

शिक्षणशास्त्र विभागातली मंडळी, म्हणजे आमचेच भाईबंद. ते काही शिकवायला गेले नव्हते, शिकायला गेले होते. या घराला कुणी समाजशास्त्राची प्रयोगशाळा म्हटलं की अ‍ॅडम्स यांना ते रुचत नसे. शेजाऱ्याच्या घराला प्रयोगशाळा कोण म्हणेल?

तिथून धागा थेट आपल्याकडे येतो, हे मला ठाऊक नव्हतं. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले. मिशन ख्रिस्ती होतं, पण त्यांनी 1926 मध्ये नागपाड्यात उघडलं ते नेबरहुड हाउस. शेजारीच मदनपुऱ्यात आमचे उत्तरेकडचे विणकर, भायखळ्याकडे बगदादी ज्यू, कोकणातून आलेले चाकरमाने, गिरणी कामगार. 1936 साली दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा निघाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक होते आणि वर्ग नागपाड्याच्या त्याच घरात भरत. भारतात समाजकार्याचं असं शिक्षण देणारी ही पहिली संस्था, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. ती 1954 मध्ये देवनारला गेली. म्हणजे या देशात हा विषय पहिल्यांदा शिकवला गेला तो बाहेरगावाहून आलेल्यांच्या मोहल्ल्यात, खिडकीतून तोच मोहल्ला दिसत असताना.

आता मुलीच्या फॉर्मचं काय झालं ते सांगतो. इथे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. जुम्म्याच्या नमाजनंतर ती आणि तिची मैत्रीण मजुरांच्या खोल्यांवर गेल्या. फॉर्म बाहेर काढल्याबरोबर माणसं उठून गेली. एकानं एवढंच सांगितलं, “नाम मत लिखो, बेटी.” 2025 च्या सुरुवातीला मालेगावातल्या जन्मदाखल्यांची चौकशी विशेष पथकाकडे गेली, तेव्हापासून दारात कागद दिसला की इथल्या जुन्या रहिवाशांच्याही पोटात गोळा येतो. बिहार-बंगालहून आलेल्या पोरांचं काय होत असेल! ‘मूळ गाव कुठलं’ हा प्रश्न कॉलेजात दोन क्रेडिटचा आहे. खोलीवर तो वेगळाच ऐकू येतो. मुलगी घरी येऊन रडली. मला तिच्या मास्तरांचा राग आला, मग आठवलं, मीही दरवर्षी शाळेत अशीच पत्रकं वाटतो.

पुढच्या शुक्रवारी अम्मी म्हणाली, मी येते. फॉर्म पिशवीतच राहिला. खोलीच्या दारात अम्मीनं चहा घेतला आणि लहानपणी ती कांड्या कशी भरायची ते सांगितलं. बोलता बोलता तिच्या तोंडी आजीकडून आलेला पूरबी बोलीतला एक शब्द आला. समोरचा मऊकडचाच एक तरुण मजूर दचकला. हा शब्द त्याची आई वापरते. त्यानं विचारलं, “दादी, आप लोग यहाँ कब आये?”

मुलीच्या फॉर्मवरचा दुसरा प्रश्न होता तो. अम्मी बराच वेळ उत्तर देत होती.

घरी येऊन मुलीनं 40 पैकी 11 प्रश्न खोडले, नाव आणि आधार क्रमांकाचे रकाने सगळ्यात आधी. मजुरीला किती पैसे कापतात, खोलीत पाणी किती वाजता येतं, असे चार स्वतःचे घातले. कॉलेजला 20 फॉर्म हवे आहेत, तिच्याकडे 6 झालेत. त्यातला पहिला अम्मीचा आहे. मूळ गाव या रकान्यात तिनं दोन गावं लिहिली आहेत.