अश्वमेधाचा घोडा आणि शर्यतीचा घोडा

पवनारच्या टेकडीवर धाम नदीकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकास प्रथम वाकाटक आठवतात. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपुर ती हीच, असें म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. त्याच घराण्यांतील पहिल्या प्रवरसेनानें चार अश्वमेध केल्याचें वाकाटकांच्या लेखांत नमूद आहे. त्या घोड्यास कोणी अडविलेंच तर निकाल तलवारीनें लागे. एक घोडा दुसऱ्याहून किती सरस, हें पाठीवरच्या वजनानें मोजण्याची विद्या मात्र फार अलीकडची, आणि ती आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली.

१७९१ सालीं अ‍ॅस्कॉट येथें झालेली ओटलँड्स ही या हँडिकॅप पद्धतीची जुनी गाजलेली शर्यत. बलवान घोड्यावर वजन अधिक, दुर्बलावर कमी. हिशेब बिनचूक असेल तर सारे एकाच क्षणीं खांबाशीं यावेत! पुढें अ‍ॅडमिरल राउस यांनीं वयाप्रमाणें वजनाचें कोष्टक बसविलें. मुंबईस भायखळ्याच्या मैदानानंतर १८८३ पासून महालक्ष्मीस शर्यती होऊं लागल्या, त्या याच परंपरेंतल्या.

आतां प्रश्न असा कीं, तीन लांब्या मागें राहिलेला घोडा किती वजनानें कमी? घोड्याची एक लांबी सुमारें ८ फूट, म्हणजे २.४ मीटर धरली तर तीन लांब्या ७.२ मीटर होतात. १००० मीटरांच्या शर्यतींत हा सुमारें १४० वा भाग. २४०० मीटरांत मात्र ३३३ वा. म्हणून इंग्रजी रिवाजांत पांच फर्लांगांस एका लांबीचे ३ पौंड, मैलास सुमारें २ आणि दीड मैलास दीडच पौंड धरतात. आमच्या विदर्भांतील शंकरपटांत हा घोळ नाहीं. तेथें जोडी किती सेकंदांत धांवली, एवढेंच पाहतात.

परंतु त्रैराशिकानें काम भागत नाहीं. जिंकणाऱ्याचा लगाम शेवटीं आंवरलेला असतो. त्याची लांबी खरी असते त्याहून कमी दिसते. उलट, आशा सुटलेला जॉकी घोड्यास उगाच पिटीत नाहीं, आणि चार लांब्यांच्या जागीं बारा होतात. मैदान चिखलाचें असेल तर अंतरें आणखी फांकतात. आमच्या मतें पहिल्या तिघांचोघांच्या लांब्या विश्वासार्ह, मागच्या बहुतेक टाकाऊ. जो हँडिकॅपर त्या बारा जशाच्या तशा वजनांत उतरवील, तो पुढच्या खेपेस त्या घोड्याचें ओझें इतकें हलकें करील कीं तोच सर्वांना धूळ चारील. आणि तिकीट घेणाऱ्या सामान्य माणसाचा पैसा बुडतो तो येथेंच.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरविला. तें कौशल्य पुष्कळ अंशीं याच वाचनाचें आहे. खिडकीशीं रांग लावणाऱ्यांपैकीं कितीजण तें घरून करून येतात, याविषयीं मात्र आम्हांस दाट शंका आहे.