माझगावचा गॅसचा दिवा

१८३४ साली मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर माझगावातल्या एका पारशी बंगल्यावर गेले, ते तिथले दिवे पाहायला. खोबरेल तेलाच्या दिव्यांवर रात्र काढणाऱ्या मुंबईत हा बंगला आणि त्याची बाग गॅसनं उजळली होती. घरमालक होते अर्देशीर कर्सेटजी वाडिया, वय अवघं पंचवीस.

आज गॅस म्हटलं की शेगडीची कळ फिरवायची, एवढंच आपल्याला ठाऊक. त्या काळी तो दगडी कोळशातून काढावा लागे. बंद लोखंडी भांड्यात कोळसा तापवायचा. हवा नसल्यानं तो पेटत नाही, त्यातून वायू सुटतो. तो पाण्यातून नेऊन डांबर वेगळं करायचं, चुन्यावरून नेऊन गंधकाची घाण काढायची आणि मग पाण्यावर पालथ्या घातलेल्या टाकीत साठवायचा. सांधा कुठे सैल राहिला, तर घरच उडायचं! इंग्लंडातल्या शहरांत ही विद्या रुळली होती. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला मात्र १८६५ साल उजाडलं.

या तरुणाला हे वेड लागलं कुठून? घराणं तर जहाजबांधणीचं. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी इथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. पण १८२९ मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट इथे बांधली, तेव्हा सांगाडा वाडियांचा होता आणि इंजिनं विलायतेची. मला वाटतं, अर्देशीरांना काळाची पावलं इथेच दिसली असावीत. लाकडाची कितीही जाण असली, तरी इंजिन परक्याचं असेल तर गोदीचा धनीही उद्या परकाच होणार.

चौदाव्या वर्षी गोदीत उमेदवारीला लागलेल्या या मुलानं आधी घरीच एक अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. १८३३ मध्ये साठ टनांचं ‘इंडस’ बांधून त्यात वाफेचं यंत्र बसवलं. १८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. घराण्यातले दोघे तरुण चॅथमच्या गोदीत जहाजबांधणी शिकत होतेच. अर्देशीरांना हवी होती वाफ. २७ मे १८४१ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय! शिफारशीत मुंबईतल्या गॅसच्या दिव्यांचाही उल्लेख होता.

त्याच वर्षी मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे ते मुख्य अभियंता झाले, आणि हाताखाली गोरे कारागीर आले. ‘बॉम्बे टाइम्स’ला ते रुचलं नाही, एतद्देशीय माणूस युरोपियनांवर हुकूम कसा चालवणार, अशी त्याची शंका. अर्देशीरांनी पुढची सोळा वर्षं तो कारखाना चालवला. १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरवली, तिचे सगळे भाग त्यांच्याच ओतशाळेत घडले होते.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले, १८७७ मध्ये लंडनजवळ रिचमंडला वारले. रॉयल सोसायटीचे दुसरे भारतीय फेलो, श्रीनिवास रामानुजन, निवडले गेले ते १९१८ मध्ये.