भूत आहे, म्हणून भयपट?

महेश कोठारेंच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. भूत आहे, खून आहेत, लहानपणी आपण घाबरलोही. तरी त्याला विनोदी चित्रपटच म्हणतो. कारण तिथली भीती बाहेरची. बाहुला संपला की लक्ष्या सुटला, आपणही हसत घरी!

आता राही बर्वेंचा २०१८ चा हिंदी ‘तुंबाड’ घ्या. विनायक पुण्याहून तुंबाडला जाऊन हस्तरकडून सोन्याच्या मुद्रा आणतो. हस्तर भयानक आहेच. पण पोटात गोळा येतो, तो विनायक मुलाला तीच वाट शिकवतो तेव्हा. हस्तर जमिनीखालीच राहतो, हाव मात्र पुण्यातल्या घरी येते.

म्हणून मी भुतं मोजत नाही. थिएटरातले दिवे लागल्यावर आपल्यासोबत काय येतं, ते बघतो.