युद्धछावणी आणि शांतिव्रत

उल्हासनगरात कोणाला घराचा पत्ता विचारला तर आजही पुष्कळदा 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असे उत्तर मिळते. हे शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांचा मूळ अर्थ आम्ही विसरूनच गेलो. कॅम्प म्हणजे छावणी, आणि छावणी म्हणजे फौज. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सरकारने लष्करी तळ उभारला. दोन हजारांवर बराकी बांधल्या. युद्ध संपले, फौज निघून गेली, बराकी ओस पडल्या. पुढे फाळणी झाली आणि कराचीहून आगबोटीने मुंबईस उतरलेले सिंधी निर्वासित याच बराकींत येऊन राहिले. मधल्या मोठ्या दालनात गोणपाटाचे आडपडदे लावून एकेका कुटुंबाने आपला संसार मांडला.

शेजारचे अंबरनाथ घ्या. तेथील शिवालय शके 982 चे, शिलाहारांच्या वेळचे. आणि त्याच गावी स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली, तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागू लागली. बदलापुराचे नाव तर फौजेचे घोडे येथे बदलत म्हणून पडले असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल याचा आम्ही आग्रह धरीत नाही, पण लोकांना गावाचे नाव घोडदळाशी जोडावेसे वाटले, हे काही कमी बोलके नाही. अशा या तीन गावांच्या श्रोत्यांपुढे शांतिवादाचा विषय मांडायचा म्हणजे थोडे धाडसच. पण विषय जर कोठे पारखून घ्यायचा असेल तर तो येथेच.

उल्हासनगर हे नाव गावाला मिळाले आणि त्याची कोनशिला बसली ती 8 ऑगस्ट 1949 रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते. हा योगायोग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो, कारण अहिंसा ही काँग्रेसची निष्ठा की नुसते धोरण, या वादात नऊच वर्षांपूर्वी गांधीजींच्या विरुद्ध पक्षाचे पुढारपण राजाजींनीच केले होते.

तो प्रसंग असा. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडला. इंग्लंड एकाकी झाले. त्या वेळी स्वातंत्र्याची घोषणा करून राष्ट्रीय सरकार दिले तर काँग्रेसने युद्धकार्यात साह्य करावे, अशा आशयाचा ठराव राजाजींनी कार्यकारिणीपुढे आणला. जुलैच्या आरंभी दिल्लीस तो मंजूर झाला आणि महिनाअखेर पुण्यास अखिल भारतीय समितीने त्यावर शिक्कामोर्तब केले. गांधीजी बाजूला राहिले. खान अब्दुल गफारखान कार्यकारिणीतून बाहेर पडले. राजेंद्रप्रसाद, कृपलानी आणि आपल्याकडचे शंकरराव देव यांचे मन गांधीजींच्या बाजूचे होते. राजाजींचा युक्तिवाद व्यवहारी माणसाचा होता. परकी सरकारशी झगडताना अहिंसा चालली; पण उद्या देशाचा कारभार हाती आला आणि शत्रू सीमेवर उभा राहिला, तर सैन्यावाचून कसे भागेल? या प्रश्नाला आम्ही हलके समजत नाही. ज्यांनी राजाजींना त्या वेळी संधिसाधू म्हटले त्यांनी या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही.

सरकारनेच ती देऊ केलेली मदत झिडकारली. सप्टेंबरात मुंबईच्या बैठकीत सूत्रे पुन्हा गांधीजींकडे गेली आणि त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह योजला. पहिला सत्याग्रही कोण? साऱ्या देशाचे डोळे नामांकित पुढाऱ्यांकडे लागले असताना गांधीजींनी नाव घेतले ते विनोबा भावे यांचे. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावचा हा ब्राह्मण त्या वेळी वर्ध्याजवळ पवनारला राहत होता आणि आश्रमाबाहेर त्याला ओळखणारे थोडे होते. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला त्यांचे पहिले भाषण झाले. या युद्धाला माणसे देऊन अथवा पैसा देऊन साह्य करणे गैर आहे, युद्धाला खरा विरोध अहिंसेनेच होऊ शकतो, असे त्याचे सार. चार दिवसांनी त्यांना पकडले व तीन महिन्यांची शिक्षा दिली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. पुढे या चळवळीत वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विलायतेत 1916 साली सक्तीची लष्करभरती झाली तेव्हा कायद्यानेच सदसद्विवेकाचे कारण मान्य केले आणि बंदूक न धरणाऱ्याला पंचापुढे उभे राहून आपली निष्ठा सिद्ध करावी लागली. तेथला शांतिवादी घडला तो या नकारातून. आपल्याकडे सक्तीची भरती नव्हती. दुसऱ्या महायुद्धात वीस लाखांवर हिंदी माणसे फौजेत गेली ती नाव नोंदवून, आणि त्यांतील पुष्कळशी पोटासाठी. ज्याला कोणी बोलवावयासच आले नाही त्याने नकार कसा द्यावा? म्हणून आपल्याकडच्या युद्धविरोधकाला आपला नकार स्वतःच शोधून काढावा लागला. आणि तो एका भाषणात संपण्यासारखा नव्हता. पोटासाठी माणूस सैन्यात जातो तर पोटाचा विचार आला, जमिनीचा आला, गावाचा आला.

विनोबांच्या चरित्राचा हा भाग आम्हांस भूदानाहूनही मोलाचा वाटतो. 1946 नंतर कितीतरी दिवस ते खांद्यावर फावडे टाकून पवनारहून सुरगावला चालत जात आणि तेथील मैला उचलीत. रोजचा नेम. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. युद्धविरोधाचा आणि मैला उचलण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध हा, की ज्या समाजात एका माणसाची घाण दुसऱ्याने जन्मभर डोक्यावरून न्यावयाची, तेथे बलात्कार सुरूच आहे. त्याला फक्त गणवेश नाही. अहिंसा ही जगण्याची रीत आहे, असे व्यासपीठावरून म्हणणारे आम्ही पुष्कळ ऐकले. फावडे घेऊन निघालेले मोजकेच.

गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली नेहरूंच्या बोलावण्यावरून विनोबा दिल्लीस गेले व काही महिने निर्वासितांत आणि मेवातच्या उखडलेल्या मुसलमानांत राहिले. सरकारी यंत्राची गती पाहून ते निराश होऊन परतले. त्यांचा जीव तेथे रमला नाही यात नवल नाही. ज्याचे घर गेले, ज्याची माणसे गेली, त्याला क्षमेचा उपदेश करणे फार सोपे आणि फार निर्दय असते. आमच्या उल्हासनगरच्या बराकीतील म्हाताऱ्या माणसांनी मनात काय गिळले असेल, हे त्यांनी पापडाच्या आणि कापडाच्या धंद्यात गाडून घेतले. त्यांच्यापुढे शांतिवाद कोणी मांडला नाही आणि त्यांनीही त्याचे नाव घेतले नाही. तरीही येथे सूडाची छावणी झाली नाही, पेठ झाली. याचे श्रेय कोणत्या तत्त्वज्ञानाला द्यावयाचे हे आम्हांस ठरवता येत नाही.

कोनशिलेनंतर चार महिन्यांनी, डिसेंबर 1949 मध्ये, देशोदेशींचे शांतिवादी प्रथम शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामला जमले. ही परिषद मुळात गांधीजींना भेटण्यासाठी ठरलेली. ती त्यांच्या मागे भरली. पाहुण्यांना छळणारी अडचण आपलीच होती. ऑक्टोबर 1947 मध्ये काश्मीरला सैन्य धाडण्यास खुद्द गांधीजींनी विरोध केला नव्हता. राजाजींचा 1940 चा प्रश्न असा उंबरठ्यावर येऊन बसला होता.

तो पुन्हा उठला 1962 साली. राजाजींनी त्या वर्षी आम्हांला चकित केले. सैन्याचा व्यवहार मान्य करणारा हा माणूस वयाच्या 83 व्या वर्षी अमेरिकेस गेला आणि अणुस्फोटाच्या चाचण्या बंद करा असे अध्यक्ष केनेडींना सांगून आला. सैन्य चालेल, पण अणुबाँब नाही, अशी त्यांची रेघ. ती कोणास अपुरी वाटो. पण ओढताना हात थरथरला नाही.

त्यानंतर महिन्याभरातच चीनचे आक्रमण झाले. सारा देश संतापला होता, बायका अंगावरचे सोने संरक्षण निधीला देत होत्या. अशा वेळी शंकरराव देव यांनी, 1940 साली गांधीजींच्या बाजूने राहिलेल्या त्याच शंकररावांनी, दिल्ली ते पेकिंग पायी जायचे ठरविले. वय 68 च्या घरात. 1 मार्च 1963 रोजी राजघाटावरून तुकडी निघाली. तीत परदेशीही होते. हेतू एवढाच, की दोन्ही देशांतील सामान्य माणसांना भेटावे आणि दोन्ही सरकारांपुढे शस्त्रत्यागाची गोष्ट काढावी. येथल्या पुष्कळांना ही शत्रूची तरफदारी वाटली. चीनला यात हिंदुस्थानचा डाव दिसला. दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस बहुधा मधोमध चालत असतो, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. पण मधोमध चालणाराही चुकू शकतो. चिनी फौज आसामच्या तोंडाशी आली असता तिला कोणी थोपवावयाचे, याचे उत्तर यात्रेपाशी नव्हते.

उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल अशी मजल दरमजल करीत ती आसामात गेली. चीनने प्रवेश नाकारला, ब्रह्मदेशानेही वाट दिली नाही. जानेवारी 1964 मध्ये लेडो येथे चालणे थांबले. लेडो म्हणजे कोळशाच्या खाणींचे लहानसे गाव. पुढे ब्रह्मदेशाच्या डोंगरातून चीनकडे जाणारा जो रस्ता होता, तो 1942 पासून दोस्तांच्या फौजांनी बांधलेला. आमच्या कल्याणच्या बराकी ज्या युद्धासाठी उभ्या राहिल्या त्याच युद्धासाठी.